दोन जोड हातमोजे आणि न सांगितलेली सुई

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी २६ वर्षांची आहे. तालुक्याच्या गावी ३० खाटांच्या एका खासगी रुग्णालयात दीड वर्षापासून नर्सिंग असिस्टंट म्हणून काम करते. सहा महिन्यांचा कोर्स झालेला. घरी नवरा, सासूबाई आणि तीन वर्षांची मुलगी. वॉर्डात एका पाळीला दोन जोड हातमोजे मिळतात. ती सकाळी आल्या आल्या ते घालते, मधूनमधून त्यांवर सॅनिटायझर चोळते आणि शक्यतो काढत नाही. "कुणाला काय आजार आहे ते आम्हाला कुणी सांगत नाही, म्हणून काढायचीच भीती वाटते," असं ती लिहिते. मध्यंतरी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी लावलेल्या दोन पेशंटना ओळीने लघवीचा संसर्ग झाला. डॉक्टर राउंडला ओरडले. इनचार्ज सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "या मावशी लोकांना स्वच्छता कळतच नाही." त्यानंतर आठवड्याभरात कचऱ्याची पिवळी पिशवी बांधताना हिच्या बोटात सुई घुसली. त्याला तीन आठवडे झाले. वॉर्डातल्या एका जुन्या मावशींशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. त्या म्हणाल्या, "मला वीस वर्षांत दहादा टोचली असेल, काही होत नाही, बोट पिळून टाक." हिने पिळलं. सिस्टर निष्काळजी म्हणतील आणि नवरा नोकरी सोडायला लावेल, म्हणून ती गप्प आहे. रात्री झोप लागत नाही, मुलीला जवळ घ्यायची भीती वाटते. तिचा प्रश्न असा: नोकरी सोडू, की गप्प राहून हातमोजे आणखी सांभाळून वापरू?

तुला 'तू' म्हणते. ३४ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली शेवटची नऊ संसर्ग नियंत्रणाची सिस्टर म्हणून. तुझ्या वयाच्या मुलींशी मला वेगळ्या भाषेत बोलता येत नाही.

आधी सुईचं बोलू, बाकीचं थांबू शकतं. पत्र मिळालं त्याच दिवशी तुला दोन ओळी पाठवल्या होत्या, तपासणीला जा म्हणून. इथे सविस्तर लिहिते, कारण हे वाचणाऱ्या कितीतरी जणींच्या बोटात अशी सुई कधी ना कधी गेली असेल आणि त्याही गप्प बसल्या असतील. मीही बसले होते. नोकरीला चार वर्षं झाली होती. ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये गॉजखाली कुणीतरी सुई तशीच ठेवली होती, ती माझ्या अंगठ्यात गेली. त्या काळी वॉर्डात एचआयव्हीचं नाव निघालं तरी माणसं दोन पावलं मागे सरकायची. मी चार महिने कुणालाही सांगितलं नाही. शेवटी तपासणी केली, सगळं ठीक निघालं. पण त्या चार महिन्यांत माझ्या घरातलं एकही जेवण मला आठवत नाही.

मोघम भीती वाढत जाते, म्हणून आधी आकडे सांगते. एचआयव्ही असलेल्या माणसासाठी वापरलेली सुई आपल्याला टोचली, तर लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. तुला टोचलेली सुई कुणाची होती, त्या माणसाला एचआयव्ही होता की नाही, हेच माहीत नाही. तेव्हा तुझा धोका त्याहून पुष्कळ कमी. हेपॅटायटिस बी आणि सी हे यकृताला सूज आणणारे विषाणू. त्यातला सी असलेल्याची सुई असेल तर शंभरात दोनपेक्षा कमी. खरी काळजी करायची ती हेपॅटायटिस बीची, आणि त्याबद्दल तुझ्या पत्रात एकच वाक्य आहे: कोर्समध्ये लसीचा एक डोस दिला होता, पुढचे राहिले. बी असलेल्या पेशंटची सुई लस न घेतलेल्याला टोचली, तर शंभरात ६ ते ३० जणांना लागण होऊ शकते. हा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकतो. या तिघांपैकी लस आहे ती फक्त यावर. तू रात्रभर ज्या आजाराच्या भीतीने जागतेस त्याच्यापेक्षा, राहून गेलेले ते दोन डोस जास्त महत्त्वाचे आहेत.

ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असतं. तिथे एचआयव्हीची चाचणी मोफत होते, तुझ्या संमतीनेच होते, आणि निकाल गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. गावात ओळखीचं कुणी भेटेल असं वाटत असेल तर शेजारच्या तालुक्याला जा. केंद्र कुठे आहे हे १०९७ या मोफत एड्स हेल्पलाइनवर विचारता येतं. आता एक चाचणी, सुई टोचल्यापासून सहा आठवड्यांनी दुसरी, तीन महिन्यांनी तिसरी. त्याच वेळी हेपॅटायटिस बी आणि सी दोन्हींसाठी रक्त दे. त्या तपासण्या सहा महिन्यांनी परत करायच्या. रक्त देऊन झालं की लसीचा दुसरा डोस घेऊन टाक. पहिला वाया गेलेला नसतो, पुन्हा मुळापासून सुरुवात करावी लागत नाही. तिसऱ्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची पातळी मोजून घे, म्हणजे लस लागू पडली की नाही ते कळेल. आणि समजा सी निघालाच, तर आता तो गोळ्यांनी बरा होतो. राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचे उपचार सरकारी रुग्णालयातून मोफत मिळतात.

मुलीला जवळ घे. आजच घे. कुशीत घेतल्याने, पापा घेतल्याने, एका ताटात जेवल्याने यातला एचआयव्ही कुणाला होत नाही. हेपॅटायटिस बीची बालवयातली लस तिला दिली असेलच, तिचं कार्ड काढून एकदा खात्री कर. नवऱ्याला मात्र सांगावं लागेल. चाचण्या पूर्ण होईपर्यंत निरोध वापरायचा आहे, रक्तदान करायचं नाही, आणि त्याचं कारण तू किती दिवस लपवशील? तो नोकरी सोड म्हणेल ही तुझी भीती खरी असू शकते. पण "मला सुई टोचली, मी तपासणी केली, या तारखेला पुढची आहे" असं सांगणारी बायको आणि तीन महिन्यांनी कुठूनतरी कळलेली गोष्ट, यांत फरक पडतो. पहिला रिपोर्ट हातात घेऊन सांग. सोबत यायला सांग.

ज्यांना हे आत्ता, आज घडलं आहे त्यांच्यासाठी. वाहत्या पाण्याखाली साबणाने जागा धुवा. बोट पिळू नका, चोखू नका, त्यावर ब्लीच ओतू नका. लगेच ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगा, वेळ लिहून ठेवायला लावा, आणि पेशंट माहीत असेल तर त्याच्या संमतीने त्याचं रक्त तपासायला सांगा. एचआयव्ही रोखणारी औषधं पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर ती सुरू करत नाहीत. २८ दिवस घ्यायची असतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की ज्यांना कामात असा धोका आहे त्यांना खबरदारीची साधनं, ती वापरण्याचं प्रशिक्षण आणि ही औषधं देणं ही आस्थापनेची जबाबदारी आहे. त्यात फक्त डॉक्टर किंवा फक्त परिचारिका असं म्हटलेलं नाही, तिथे काम करणाऱ्या सगळ्यांसाठी ते आहे. तीन आठवडे गप्प राहून तू हे ७२ तास घालवलेस. रागावून लिहीत नाही. तुला ते कुणी सांगितलंच नव्हतं, हे मला कळतं.

आता तू स्वतःला लावून घेतलेला तो शब्द, निष्काळजी. सुई पिवळ्या पिशवीत होती. ती तिथे असायलाच नको. पिवळ्या पिशवीत रक्ताने भरलेला कापूस, ड्रेसिंग. लालमध्ये सलाइनच्या नळ्या, कॅथेटर, लघवीच्या पिशव्या, सुई काढलेल्या सिरिंज, हातमोजे. काच निळ्या खोक्यात. आणि सुया, ब्लेड हे पांढऱ्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात. तो डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. ज्याने सुई वापरली त्यानेच ती तिथल्या तिथे त्या डब्यात टाकायची, टोपण परत लावायला जायचं नाही. म्हणजे चूक पिशवी बांधणारीच्या आधी, पलंगाशी झाली. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत रुग्णालयाने काय करायचं तेही आहे: कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर घेताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण, हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, वर्षातून एकदा आरोग्य तपासणी. तीस खाटा असोत की तीन, नियम तोच. तुझे दोन डोस तू विसरलीस, तसे तुझ्या रुग्णालयानेही विचारले नाहीत.

इथपर्यंत मी तुझ्या बाजूने बोलले. आता जरा अवघड बोलते, तेही तुझ्याच बाजूने.

हातमोजे दिवसभर न काढणं ही तुला खबरदारी वाटते. मी प्रशिक्षणाच्या वर्गात एक गोष्ट करून दाखवायची. रिकामा पलंग, त्यावर पुतळा, शेजारी टेबल, सलाइनचा स्टँड, पडदा. एका मावशीला हातमोजे घालायला लावायचे आणि तळव्यांना ओलं कुंकू लावायचं. मग म्हणायचं, रोजच्यासारखं काम करा. डायपर बदला, चादर सारखी करा, पाणी द्या, पलीकडच्या पेशंटची उशी नीट करा. पाच मिनिटांनी सगळ्या जणी पाहायच्या. कुंकू कठड्यावर, पाण्याच्या तांब्यावर, पडद्याला, दाराच्या कडीला, दुसऱ्या पुतळ्याच्या गालाला. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, त्या मावशीच्या स्वतःच्या नाकाजवळ किंवा केसांत. हातमोजे घातलेले असले की आपल्याला हात मळल्याची जाणीव होत नाही, म्हणून आपण ते धूत नाही. नुसता हात चिकट झाला असता तर तू लगेच नळाकडे धावली असतीस.

हातमोज्यावर सॅनिटायझर चोळून तो नवा होत नाही. तो एकदा वापरून टाकायचाच असतो. स्पिरिटने रबर कमजोर होतं, न दिसणारी छिद्रं पडतात. म्हणूनच हातमोजे काढल्यावरही हात स्वच्छ करायचे असतात.

मग दोन जोडांत कसं भागवायचं? दोन जोड अपुरेच आहेत, ते वाढवून मागायचेच आहेत. पण त्याआधी बघ, तू ते कुठे घालते आहेस. ताप पाहायला, बीपी घ्यायला, जेवण भरवायला, व्हीलचेअर ढकलायला, कोरडी चादर बदलायला हातमोजा लागत नाही, स्वच्छ हात लागतात. रक्त, लघवी, शी, उलटी, जखम, तोंडाच्या आतली स्वच्छता, मळलेली चादर, इथे हातमोजा हवाच, आणि ते एक काम संपलं की काढून लाल पिशवीत. त्याच पेशंटचं डायपर बदलून झालं आणि आता त्याला पाणी द्यायचं आहे, तरी मधे काढायचा. आठवडाभर वहीत मोज: डायपर किती, बेडपॅन किती, लघवीच्या पिशव्या किती. जो आकडा येईल तो घेऊन सिस्टरकडे जा. "हातमोजे कमी पडतात" याला कुणी उत्तर देत नाही. "आपल्या बारा पेशंटना एका पाळीत अशी एवढी कामं असतात" याला द्यावं लागतं.

बाकी वेळ हात. पेशंटला हात लावण्याआधी, लावल्यानंतर. जखम, नळी अशा कुठल्याही नाजूक कामाआधी. अंगाला काही लागल्यावर. आणि पेशंटला न शिवता नुसता कठडा, टेबल, चादर यांना हात लावल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेने हे पाच क्षण सांगितले आहेत, आणि पाचवा सगळ्यात जास्त चुकतो. हात दिसायला स्वच्छ असतील तर सॅनिटायझर, तळहात भरून, २० ते ३० सेकंद, वाळेपर्यंत. मळलेले असतील किंवा पेशंटला जुलाब होत असतील तर साबण आणि पाणी, ४० ते ६० सेकंद. जुलाबाच्या काही जंतूंना सॅनिटायझर पुरत नाही. बोटांची टोकं आणि अंगठे बहुतेक जणींचे राहूनच जातात.

बांगड्यांबद्दल तू विचारलं नाहीस, पण मला माहीत आहे की हा प्रश्न प्रत्येक वॉर्डात असतो आणि कुणी नीट बोलत नाही. बांगड्या आणि अंगठीखालची त्वचा धुतली जात नाही, म्हणून ड्युटीवर कोपराखाली काही नको. हे सांगताना कुणाच्या सौभाग्यावर घाव घातल्यासारखं बोलू नये. माझ्या वॉर्डातल्या एका मावशींनी बांगड्या काढायला साफ नकार दिला होता. त्यांना दुसऱ्या सिस्टरांनी रागावून पाहिलं, उपयोग झाला नाही. मग त्यांनी स्वतःच मार्ग काढला: येताना लॉकरमधल्या डबीत बांगड्या ठेवायच्या, जाताना देवाचं नाव घेऊन परत भरायच्या. मंगळसूत्र कपड्याच्या आत, पिनेने अडकवलेलं. नखं अर्ध्या सेंटिमीटरच्या आत. हात फार धुतल्याने भेगा पडतात आणि भेग म्हणजे जंतूंना उघडं दार, तेव्हा रात्री घरी खोबरेल तेल लाव. ड्युटीवर तेल नको, त्याने रबर खराब होतं.

"कुणाला काय आजार आहे ते सांगत नाहीत" ही तुझी तक्रार मला अर्धी पटते. ती जुनी दुखरी तक्रार आहे. पेशंटच्या सगळ्यात जवळ जाणारी बाई म्हणजे मावशी, आणि तिलाच काही सांगायचं नाही. पण समजा उद्यापासून प्रत्येक एचआयव्हीच्या पेशंटचं नाव तुला सांगितलं, तर तू सुरक्षित होशील? ज्याची तपासणीच झालेली नाही, ज्याचा रिपोर्ट उद्या यायचा आहे, ज्याला स्वतःलाही ठाऊक नाही, त्यांचं काय? त्यांच्याजवळ तू निर्धास्त जाशील आणि धोका तिथेच असेल. म्हणून नियम असा की रक्त आणि अंगातले स्राव सगळ्यांचेच संसर्गाचे समजायचे, सरपंचांचे काय आणि रस्त्यावरून उचलून आणलेल्याचे काय. मग नाव माहीत असण्याची गरज उरत नाही आणि कुणा एकाच्या पलंगाशी जायला कुणी टाळाटाळही करत नाही.

मात्र क्षयरोग, गोवर, कांजिण्या, जुलाब, किंवा औषधांना दाद न देणारे जंतू असले की या नेहमीच्या काळजीखेरीज जास्तीची लागते, आणि ती कुठली हे तुला सांगितलंच पाहिजे. निदान सांगू नका, पण पलंगापाशी "आत जाताना एन-९५ मास्क" एवढी पाटी हवी. साधा निळा मास्क क्षयरोगाच्या पेशंटने लावायचा, त्याच्या खोकल्याचे थेंब अडतात. तुझ्या नाकातोंडाला घट्ट बसेल असा एन-९५ तू लावायचा. खिडक्या उघड्या ठेवायच्या. एसी चालू आहे म्हणून कुणी बंद केल्या तर परत उघड.

आता त्या दोन पेशंटचं. तुझ्या पत्रात राग आहे, आणि त्याखाली "माझ्यामुळेच झालं असेल का" हा प्रश्न आहे. याचं हो किंवा नाही असं उत्तर मी इथे बसून देऊ शकत नाही. कॅथेटर आत असला की दर दिवसागणिक लघवीत जंतू शिरण्याची शक्यता ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. सगळं नीट केलं तरी. म्हणजे पहिला प्रश्न डॉक्टरांनी स्वतःला विचारायचा असतो: ही नळी अजून हवी आहे का? किती पेशंटची नळी केवळ काढायची राहिली म्हणून आत असते, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. घालताना ती किती निर्जंतुक पद्धतीने घातली हा दुसरा प्रश्न, तोही तुझा नाही.

पण तिसरा आपला आहे. सकाळी सहा वाजता सगळ्या पिशव्या ओळीने रिकाम्या करायच्या, एकच मग, एकच हातमोजा, या पलंगावरून त्या पलंगावर. बहुतेक ठिकाणी असंच चालतं, आणि दिवसभर हातमोजे न काढणारी तू हे वेगळं करत असशील असं मला वाटत नाही. असं करून एका पेशंटचे जंतू आपण स्वतः उचलून दुसऱ्याच्या नळीला लावतो. प्रत्येक पेशंटला वेगळा मग, त्यावर पलंगाचा नंबर. तोटीचं टोक मगाला टेकू द्यायचं नाही. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची, कायम कमरेच्या खाली टांगलेली, पण जमिनीला न टेकलेली. पेशंटला एक्स-रेला नेताना ती उचलून त्याच्या पोटावर ठेवतात ना, ते करू नको, लघवी उलटी आत जाते. रोज साबण-पाण्याने स्वच्छता, बाईची असेल तर पुढून मागे. आणि सिस्टरना रोज विचार, "बेड नंबर चारची नळी आज काढायची का?" हे विचारणं तुझं काम नाही असं कुणी म्हणेल. तू विचार.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात आहे की श्रीमंत देशांत दर १०० दाखल पेशंटपैकी ७ जणांना, आणि आपल्यासारख्या देशांत १५ जणांना, रुग्णालयातच नवा संसर्ग होतो. एकट्या मावशी लोकांच्या स्वच्छतेवर हे ढकलून चालणार नाही. सिस्टरांचं ते वाक्य अन्यायाचं होतं. पण पेशंटला सर्वांत जास्त वेळा ज्या हातांचा स्पर्श होतो ते तुझे आहेत, हेही खरं.

नोकरी सोडायची का? सोडून कुठे जाशील याचा विचार कर. दुसरं लहान रुग्णालय बहुधा असंच. ब्युरोतर्फे घरी जाऊन पेशंट सांभाळायला गेलीस तर तिथे डबाही नाही, सिस्टरही नाही, हातमोजे तुझ्याच पैशांचे. लस मिळत नाही, सुईचा डबा येत नाही, आणि बोललीस म्हणून छळ सुरू झाला, तर जरूर सोड. तोवर तुझ्या जागी मी असते तर थांबले असते. काही जण म्हणतील थेट महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार कर, कचऱ्याच्या नियमांवर त्यांची देखरेख असते. तो मार्ग आहेच. पण तीस खाटांच्या रुग्णालयात तक्रार कुणी केली हे दोन दिवसांत कळतं, तेव्हा तो शेवटी ठेव.

आधी इनचार्ज सिस्टरकडे जा, एकटीने, राउंडनंतर, चहाच्या वेळी. त्यांनी तुला सगळ्यांसमोर बोललं हे मनातून काढणं सोपं नाही. तरी एक लक्षात घे, ती दोन जोडांची मोजदाद त्यांनी ठरवलेली नसते, वरून आलेली असते, आणि सुया त्यांच्याही बोटात जातात. सुईचं सांग, तारीख-वेळेसह कागदावर लिहून दे आणि त्याचा फोटो स्वतःकडे ठेव. मग तीन गोष्टी माग: ड्रेसिंग ट्रॉलीवर पांढरा डबा, सगळ्यांना हेपॅटायटिस बीची लस, प्रत्येक कॅथेटरला वेगळा मग. यांत महाग काही नाही. डॉक्टरांशी त्या बोलतील तेव्हा त्यांना सुचव की पिशवीत सुई निघाली तर कचरा नेणाऱ्या गाडीवरचा माणूसही जखमी होऊ शकतो आणि जबाबदारी रुग्णालयाची असते. मालकाला ही भाषा लवकर कळते.

कुणी म्हणेल, सेवा करायची तर एवढं काय मागायचं. सेवेचं नाव निघालं की मला सावित्रीबाई आठवतात. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे तेव्हा सिद्धही झालेलं नव्हतं. त्यांच्याकडे स्वतःला वाचवायचं साधन नव्हतं. आज काय करायचं हे माहीत असताना आणि ते डब्याएवढं स्वस्त असताना कुणी तुला सेवेच्या नावाखाली उघड्या हाताने काम करायला लावत असेल, तर ते मला सहन होत नाही.

घरी जातानाचं थोडक्यात. युनिफॉर्म रुग्णालयातच बदल, वेगळ्या पिशवीत ने, बाकीच्यांच्या कपड्यांत न मिसळता गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळव. चप्पल वॉर्डातली वेगळी. फोन ड्युटीवर खिशातून काढायचा नाही, काढलाच तर सॅनिटायझरने ओल्या केलेल्या कापसाने पूस. मुलीच्या हातात सगळ्यात आधी तोच जातो. हातपाय धुऊन मग तिला उचल, घाबरत उचलू नको.

आणि जुन्या मावशी. "वीस वर्षांत काही झालं नाही" असं त्या म्हणाल्या. हेपॅटायटिस बी वर्षानुवर्षं काही न दाखवता अंगात राहू शकतो, आणि दहा वेळा टोचलेल्या त्यांनी लस घेतली आहे का, हे त्यांना बहुतेक कुणी कधी विचारलंच नसेल. त्यांनी तुला चुकीचा सल्ला दिला, पण वॉर्डात तुझं ऐकून घेणाऱ्या त्याच एकट्या होत्या. तपासणीला जाशील त्या दिवशी त्यांनाही सोबत घे. दोघींची सुट्टी एकदम मिळणार नाही, तर नाइट संपवून सकाळी थेट जा. केंद्राची ओपीडी तेव्हा उघडतच असते.